नावांवर जाऊ नका

सकाळी आठला फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर आम्ही सहा जण जमलो आणि गाइड काही बोलायलाच तयार नव्हते. पासष्टीचे गृहस्थ, पांढरं मुंडू, एका हातात काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. "आधी बघा," एवढंच म्हणाले.

समोर चिनी जाळं. एक जण डोंबाऱ्यासारखा तुळईवरून चालत पुढे गेला आणि त्याच्या भाराने जाळं पाण्यात उतरलं. थोड्या वेळाने चौघांनी मागून दोर ओढायला घेतले. त्या दोरांना धोंडे बांधलेले असतात. तोल सांभाळायचं काम त्यांचं. मला कोकणातल्या विहिरीवरची लाट आठवली. एवढा दहा मीटर उंचीचा डोलारा हलला, आणि हाती आले बोटभर लांबीचे आठ-दहा मासे आणि एक खेकडा.

मग गाइड बोलले. "कुणी सांगतं चिनी व्यापाऱ्यांनी आणली, कुणी सांगतं पोर्तुगीजांनी मकावहून. या गावात नावांवर जाऊ नका."

माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनी हळूच विचारलं होतं, "तुमी खंयचे?" ते कोचीचे कोकणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून बरीच सारस्वत घराणी इथे आली, त्यांच्यातले. सगळ्यांशी इंग्रजीत बोलत, मधेच माझ्यासाठी एखादं वाक्य कोकणीत टाकत.

पाठ केलेलं घडाघडा म्हणणारे गाइड मी पुष्कळ सोसलेत. यांची रीत उलटी. प्रत्येक थांबा सावलीत. आधी वस्तू, मग प्रश्न, सनावळी शेवटी.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये सगळे वास्को द गामाच्या थडग्याकडे धावले. हे मात्र छत्रीच्या टोकाने भिंतीतली भोकं दाखवत उभे. वर कापडाचे लांबलचक पंखे टांगलेले. त्यांच्या दोऱ्या या भोकांतून बाहेर जात, आणि उन्हात बसलेला माणूस त्या ओढी. आत प्रवचन, बाहेर घाम. १५०३ साली पोर्तुगीजांनी इथे लाकडी चर्च बांधलं. पुढे ते दगडी झालं, १६६३ मध्ये डचांकडे आणि १७९५ मध्ये इंग्रजांकडे गेलं. आणि थडगं? वास्को १५२४ मध्ये कोचीतच वारला, पण १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. लोक फोटो काढतात तो रिकाम्या जागेचा.

वेली भागातला धोबीखाना मला सगळ्यांत आवडला. इथले धोबी तमिळ वण्णार समाजाचे. त्यांच्या पूर्वजांना डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला आणलं, असं ते सांगतात. मागच्या मैदानात दोऱ्यांवर चादरीच चादरी, पण चिमटा एकही नाही. दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले. पिळाच्या फटीत कापडाचं टोक खुपसलं की वारा कितीही सुटो, चादर हलत नाही. मी एक टोक खुपसून पाहिलं. निसटलं. शेजारच्या आजींनी हसत, न बघता, एका झटक्यात बसवून दिलं. त्या कडेला तांदळाच्या पेजेची खळ, आत कोळशाची जड इस्त्री. पर्यटकांच्या यादीत ही जागा खाली असते; माझ्या यादीत पहिली.

मट्टनचेरीला रिक्षाने गेलो. सुंठ-मिऱ्यांचा वास आधी आला, गाव मागून. 'डच पॅलेस' बांधला पोर्तुगीजांनी, राहिले कोचीचे राजे. डचांनी केली ती डागडुजी. परदेशी सिनगॉग १५६८चं. तिथे चपला काढून आत गेलो. जमिनीवर चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या फरश्या. "दोन सारख्या शोधा," असं सांगून गाइड बाकावर बसले. आम्ही सहा जण पोरांसारखे वाकून शोधत राहिलो. सापडल्या नाहीत. इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायल झाल्यावर तिकडे गेली.

बाहेर पडल्यावर त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. डचांचा मलबारचा अधिकारी व्हान ऱ्हीड याने इथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. त्या कामात इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि तीन कोकणी वैद्यही: रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट. या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहे, कोकणीत आणि नागरी अक्षरांत. झेरॉक्स त्याच पानाची. वळण जुनं, पण नेट लावला तर शब्द सुटतात. बाकीचे पाच जण माझ्या तोंडाकडे बघत होते. सकाळपासून प्रथमच गाइडच्या हातातलं काहीतरी मला एकट्यालाच वाचता येत होतं.

तो खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला.

जाणार असाल तर शुक्रवार-शनिवार टाळा. शुक्रवारी राजवाडा बंद असतो, शनिवारी सिनगॉग.