कंत्राटदार कंपनी आणि प्रदूषणाची जबाबदारी : ओक रिज ते भोपाळ

भोपाळ म्हटले की युनियन कार्बाइड हे नाव आठवते. याच कंपनीने अमेरिकेत अण्वस्त्रनिर्मितीचे कारखानेही चालवले होते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून आपण एकच प्रश्न विचारू : नुकसान कोणी भरून द्यायचे?

१) ओक रिज
टेनेसी राज्यातील ओक रिज येथील वाय-१२ कारखाना सरकारी मालकीचा होता. १९४७ ते १९८४ या काळात युनियन कार्बाइड तो कंत्राटावर चालवत होती. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ हे समस्थानिक वेगळे करावे लागते. त्यासाठी १९५० च्या दशकात व त्यानंतर काही वर्षे तेथे प्रचंड पारा वापरला गेला. सुमारे ९ लाख किलो पारा सांडला तरी किंवा त्याचा हिशेब तरी लागला नाही. बराचसा पारा जमिनीत आणि ईस्ट फोर्क पॉप्लर क्रीक या ओढ्यात गेला. लष्करी गुप्ततेमुळे हे आकडे लोकांसमोर आले ते १९८३ मध्ये.

पाण्यातील जिवाणू पाऱ्यापासून मिथाइल मर्क्युरी तयार करतात. ते माशांत साठते आणि मासे खाणाऱ्याच्या मज्जासंस्थेला इजा करते.

१९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने कंत्राटदारांना अणुअपघाताच्या भरपाईबाबत सरकारी हमी दिली. अण्वस्त्र कारखान्यांतील आजारी कामगारांसाठी २००० मध्ये कायदा झाला, पण ती भरपाईही सरकारी तिजोरीतूनच मिळते. म्हणजे नफा कंपनीचा आणि बिल करदात्याचे.

२) भोपाळ
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. मात्र कारखान्याच्या आवारातील विषारी कचरा तसाच राहिला. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीत परिसरातील भूजल दूषित आढळले. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. भोपाळची जबाबदारी आपली नाही, अशी डाऊची भूमिका आहे.

३) तत्त्व
दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर, एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ‘संपूर्ण दायित्व’ हे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योगामुळे इजा झाली, तर निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही आणि कोणताही अपवाद चालणार नाही. कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई जास्त.

तरीही पेच उरतो. विष जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. कंत्राट आणि मालकी मात्र एका सहीने बदलते. अशा वेळी पुरावा ठरते ती कारखान्यातील नोंद. वस्तुमान संतुलन तुम्ही शिकला आहात : आवक वजा जावक वजा शिल्लक साठा. ओक रिजचा आकडा याच वजाबाकीतून आला. उद्या अशा नोंदवहीवर तुमची सही असेल, तेव्हा ‘तूट’ या रकान्यातील आकडा कुणाच्या तरी विहिरीत पोचू शकतो, हे ध्यानात ठेवा.

विचार करा : मालक सरकार आणि चालक कंपनी असेल, तर ‘संपूर्ण दायित्व’ कोणावर असावे?