यंत्रातले मत

आपल्या कर्जत-खालापुरात पूर्वी कागदावर शिक्का मारून मत देत. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला, की मत बाद! २००४ पासून लोकसभेला देशभर यंत्र आले. ती कटकट गेली. मोजणीही झटपट होते.

पण यंत्राच्या पोटातले आपल्याला कसे दिसणार? जर्मनीतही हाच प्रश्न निघाला. मोजणी साध्या माणसाला तपासता आली पाहिजे, असे तिथल्या वरिष्ठ कोर्टाने २००९ साली सांगितले. तिथली यंत्रे बंद झाली.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला यंत्राजवळ चिठ्ठीची पेटी असते. काचेतून आपले चिन्ह ७ सेकंद दिसते. आम्ही चष्मा विसरत नाही! चिन्ह दुसरेच दिसले, तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगावे. मोजणीला मात्र एका विधानसभा मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्याच चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात. आम्हांला हे थोडे वाटते.