*फणसांबा : औषध खरं, पण झाडाच्या दुखण्याची खूणही*



जुन्या फणसाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखं, लाकडाइतकं कठीण, तपकिरी अळंबं तुम्ही पाहिलं असेल. तोच फणसांबा, म्हणजे फणसावरचं अळंबं. शास्त्रात तो 'फेलिनस' गटातला. त्याला छत्री नसते, देठ नसतो. खालच्या बाजूला फक्त बारीक छिद्रं असतात. हे भाजीचं अळंबं नव्हे.

*🌿 घरोघरी वापर कसा होता?*
वाळवलेला तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि –
▪️ लाळ फार गळत असेल तर हिरड्यांना लावायचा
▪️ लहान मुलांचं तोंड आलं तर तोंडात लावायचा
▪️ हगवण, आंव झाली तर पोटात द्यायचा
१८९० ते १८९३ मध्ये छापलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथातही हे उपयोग नोंदलेले आहेत. म्हणजे आजीचं म्हणणं हवेतलं नव्हतं.

*⚠️ मग आज बाळाला द्यावा का?*
स्वतःच्या मनाने नको. झाडांवर दिसायला सारखी अळंबी बरीच असतात, आणि उगाळताना नेमकं किती पोटात जातं याचं मोजमाप नसतं. बागेत फवारणी झाली असेल तर धोका आणखी वाढतो. वापरायचाच असेल तर वैद्यांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानेच.

हगवणीत बाळाला खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा. म्हणून आधी ओआरएस : एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी कमी किंवा मूल सुस्त दिसलं तर उगाळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. तोंडात पांढरा थर असेल तरी डॉक्टरांना दाखवा.

*🌳 आता झाडाकडे बघा*
फणसांबा बाहेर दिसतो तेव्हा बुरशी आत खोडात पसरलेली असते आणि लाकूड कुजवत असते. अळंबं खरवडून काढलं म्हणून झाड बरं होत नाही.
▪️ खोडावर ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर झाड आतून गेलेलं असू शकतं.
▪️ असं झाड घर, गोठा किंवा वाटेजवळ असेल तर पावसाळ्याआधी जाणकाराला दाखवा. वादळात अशीच झाडं मोडतात.
▪️ बुरशी जखमेतून शिरते. फांदी ओरबाडून तोडू नका, करवतीने साफ कापा.
▪️ कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको.

तुमच्या फणसावर असं अळंबं असेल तर खोडाचा आणि अळंब्याच्या खालच्या बाजूचा, असे दोन फोटो ग्रुपवर टाका. आणि हा मेसेज घरातल्या बायामाणसांना जरूर वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी