शेजाऱ्याला दिलेला शब्द

सरकार बदलले की परराष्ट्र धोरणही बदलते, असे मला वाटायचे. भारत-बांगलादेश सीमेचा इतिहास वाचला आणि माझे मत बदलले.

या सीमेवर भारताच्या १११ वस्त्या बांगलादेशाच्या हद्दीत आणि त्यांच्या ५१ वस्त्या आपल्या हद्दीत अडकल्या होत्या. तिथल्या माणसांना स्वतःच्या देशात जायलाही परका देश ओलांडावा लागे. शाळा, वीज, दवाखाना तर दूरच.

१९७४ मध्ये इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनी सीमा करार केला. भारताची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, ती रखडली. १९९२ मध्ये नरसिंह राव सरकारने तीन बिघा मार्गिका बांगलादेशाला वापरायला दिली. २०११ मध्ये मनमोहन सिंग यांच्या ढाका भेटीत पुरवणी करार झाला, पण पुढे विधेयक विरोधामुळे अडले. २०१५ मध्ये मोदी सरकारने तेच काम पुढे नेले. १०० वी घटनादुरुस्ती विरोधात एकही मत न पडता मंजूर झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री वस्त्यांची अदलाबदल झाली.

पक्ष बदलले तरी दिलेला शब्द देशाचा होता. मात्र मधली ४१ वर्षे त्या वस्त्यांतल्या माणसांनी मोजली. उद्या सीमेवर उभे राहताना आम्हां कॅडेट्सना नकाशावरच्या रेषेमागची ही माणसे आठवायला हवीत.