वृद्ध पोपटाच्या आहारातील पालट

पाळीव पोपटाने काय खावे, याविषयी पशुवैद्यकात आज फारसा मतभेद उरलेला नाही. जो पोपट वीस-पंचवीस वर्षे केवळ सूर्यफुलाच्या बियांवर जगला, त्याला हितकर अन्नाकडे कसे वळवावे, हा प्रश्न मात्र पुष्कळच बिकट आहे. भूक लागली म्हणजे पक्षी समोर असेल ते निमूटपणे खाईल, अशी एक सार्वत्रिक समजूत आढळते. ही समजूत पोपटाच्या जिवावर बेतू शकते. ती कोठे चुकते व तिच्या जागी कोणती रीत अवलंबावी, हे येथे पाहावयाचे आहे.

आपल्याकडील हिरवे देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ते पकडणे, विकणे वा पाळणे निषिद्ध आहे. म्हणून विवेचनासाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या करड्या आफ्रिकी पोपटाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. हा पक्षी पिंजऱ्यात चाळीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. त्यामुळे आहारातील दोषांचे परिणाम साचत जाण्यास त्याच्या ठायी पुरेसा अवधी मिळतो.

सूर्यफुलाच्या गरात सुमारे निम्मा भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. अ जीवनसत्त्व त्यात जवळजवळ नसते आणि कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस अनेक पटींनी अधिक असतो. वस्तुतः रानातील करडा पोपटही बिया खातोच. परंतु त्यांच्या जोडीला तेलमाडाच्या फळांचा नारिंगी, कॅरोटीनयुक्त गर, इतर फळे आणि फुले यांचाही तो समाचार घेतो व अन्नासाठी दररोज दूरवर उडतो. पिंजऱ्यात उड्डाण थांबते, विविधता संपते आणि बिया तेवढ्या उरतात. मिश्र दाणे घातले तरी पक्षी त्यांतून आवडते तेवढेच वेचून खातो. अ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंड व श्वसनमार्ग यांचे अस्तर जाड व कोरडे होऊन जंतूंना वाव मिळतो. यकृतात चरबी साचते. करड्या पोपटाच्या रक्तातील कॅल्शियम तर इतके उतरू शकते की, त्याला कंप सुटतो व झटके येऊन तो दांडीवरून खाली कोसळतो.

इतके असूनही वृद्ध पक्षी नवे अन्न का नाकारतो? यास हट्ट म्हणणे योग्य नव्हे. कोणता पदार्थ खाण्याजोगा आहे, हे पोपट बऱ्याच अंशी लहानपणी, वडील पक्ष्यांचे पाहून शिकतो. अनोळखी वस्तूपासून दूर राहण्याची वृत्ती रानात त्याचे विषारी पदार्थांपासून रक्षण करते. ज्याने गाजर कधी खाल्लेच नाही, त्याच्या लेखी ते अन्नच नव्हे. मग भूक कितीही लागो. भरल्या वाडग्याशेजारी पोपट उपाशी राहू शकतो, तो यामुळेच. यकृत आधीच चरबीने ग्रासलेले असेल, तर असा उपवास विशेष घातक ठरतो.

म्हणून पालटास आरंभ करण्यापूर्वी पक्ष्यांच्या जाणकार पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. आजारी पक्ष्याच्या आहारात परस्पर फेरफार करू नये. त्यानंतरचे मुख्य साधन म्हणजे एकेका ग्रॅमची नोंद करणारा तराजू. आठवडाभर रोज सकाळी, खाणे घालण्यापूर्वी, वजन टिपून ठेवावे. डोळ्यांवर विसंबणे येथे धोक्याचे असते. सोललेल्या टरफलांनी भरलेले वाडगे दाण्यांनी भरल्यासारखे दिसते आणि खाली सांडलेला नव्या अन्नाचा चुरा खाल्ला गेल्यासारखा वाटतो. तराजू अशी फसगत होऊ देत नाही. वजन सतत उतरू लागल्यास एक पायरी मागे यावे. घट दहा टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे ४५० ग्रॅमचा पक्षी ४०५ ग्रॅमवर आला, तर प्रयोग थांबवून तत्काळ वैद्याकडे जावे. विष्ठा अत्यल्प व गडद हिरवी होणे, हेही उपासमारीचे लक्षण होय.

प्रत्यक्ष पालट आठवड्यांच्या, प्रसंगी महिन्यांच्या गतीने करावा. दिवसभर भरलेले वाडगे ठेवण्याऐवजी सकाळी व सायंकाळी ठरावीक वेळी मोजके दाणे द्यावेत आणि मधल्या काळात नवे अन्न समोर असू द्यावे. पोपट हा थव्याचा प्राणी असल्याने घरच्या माणसाने तोच पदार्थ त्याच्यादेखत चवीने खाल्ला, तर पक्ष्याचे कुतूहल जागे होते. ओळखीच्या पदार्थाचाही उपयोग होतो. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना जाणवतो तसा पक्ष्यांना जाणवत नाही. त्यामुळे मिरची खाण्याची सवय असलेल्या पोपटाला पिकलेल्या लाल मिरचीवरून गाजर, लाल भोपळा, रताळे व पपई यांकडे नेणे सुकर जाते. हे सर्व पदार्थ कॅरोटीनयुक्त आहेत. शेवग्याच्या पाल्यातून कॅरोटीनबरोबर कॅल्शियमही मिळते. पालकातील ऑक्झॅलेट मात्र कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून पालक क्वचितच द्यावा.

बाजारात ‘पेलेट’ या नावाने मिळणाऱ्या समतोल आहाराच्या गोळ्या प्रथम कुटून, भिजवलेल्या दाण्यांना चोळाव्यात आणि हळूहळू त्यांचे प्रमाण वाढवावे. त्या नियमित खाल्ल्या जाऊ लागल्यावर जीवनसत्त्वांची वेगळी पूड वैद्याच्या सल्ल्यावाचून घालू नये. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांस अपायकारक असतो. त्याऐवजी पक्ष्यास सावलीची सोय ठेवून थोडा वेळ थेट उन्हात ठेवणे बरे. काचेतून येणाऱ्या उन्हात ड जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण जवळजवळ नसतात. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण व खारे पदार्थ पूर्णतः वर्ज्य समजावेत. दमट हवेत भुईमुगाच्या शेंगांना बुरशी लागते, म्हणून पावसाळ्यात त्याही टाळाव्यात.

बिया सर्वस्वी बंद करण्याची आवश्यकता नाही. आहाराचा मुख्य भाग बदलल्यानंतर सूर्यफुलाचे चार दाणे हातातून, बक्षीस म्हणून देता येतात. किंबहुना तेव्हा त्यांचे मोल वाढते. वर्षानुवर्षे जडलेली सवय आठवड्याभरात मोडण्याचा अट्टाहास केल्यास तो पक्ष्याच्या अंगावर येतो. नवे अन्न चाखून त्याने ते टाकून दिले, तरी त्या दिवशी एक अनोळखी वस्तू त्याच्या ओळखीची झाली, असे समजून दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा त्याच्यासमोर ठेवावी.