ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो तेव्हा

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना धुळ्याहून निघालेली जुनी गाडी पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगावच्या सिग्नलला थांबते आणि मीटरमधला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की विझतो. सिग्नल सुटला की माणूस विसरूनही जातो. पण बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब ४ ते ७ पीएसआयपर्यंत उतरल्यावरच लागतो, म्हणजे इंजिन त्याआधीपासूनच कमी दाबावर चाललेलं असू शकतं. चालत्या गाडीत दिवा लागून राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथंच बंद करावं. ‘गॅरेजपर्यंत तरी नेऊ’ म्हणत काढलेल्या दोन किलोमीटरांत क्रँक जाऊ शकते.

चेंबरमधलं तेल पंप जाळीतून ओढतो आणि फिल्टरमार्गे मेन बेअरिंग, कनेक्टिंग बेअरिंग, कॅमशाफ्ट यांच्याकडे ढकलतो. पंपाचं काम तेवढंच. दाब तयार होतो तो बेअरिंगच्या बारीक फटीतून वाट काढताना तेलाला होणाऱ्या अडथळ्यामुळे. ठिबकची नळी जागोजागी फुटली की मोटर तीच असूनही टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही, हे जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंजिनातली ही फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. ती झिजून दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून निसटणारं तेल जवळजवळ आठपट होतं. त्यात तापलेलं तेल पातळ, म्हणून दिवा थंड गाडीत गप्प असतो आणि लांबच्या पल्ल्यानंतर बोलतो.

तपासणीची सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. पातळी कमी असेल तर भरा. पातळी वाढलेली दिसली तर मात्र जास्त सावध व्हा. ‘आपली गाडी तेल खात नाही’ म्हणून मालक खूश असतो आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत असतो. प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० यांत पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं आणि तेल पातळ करतं. अशा वेळी पंप बदलून तेल आणि फिल्टर नवे घातले की काम होतं. पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर तेलात पाणी मिसळतंय.

मग वायरिंग. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून ऑइल स्विचची वायर काढा. दिवा विझायला हवा. तरीही जळतच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. विझला तर वायर ठीक, आता संशय स्विचवर किंवा खऱ्या दाबावर.

इथं अंदाज थांबवून गेज लावायचं. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज बसवायला फार वेळ लागत नाही, तरीही हे न करताच इंजिन खोलणारे आहेत आणि मला ते पटत नाही. गाडी वीसेक मिनिटं चालवून पुरती गरम करा. नेमके आकडे गाडीच्या पुस्तकात असतात. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनात दर १,००० फेऱ्यांमागे १० पीएसआय हवेत. गेजवर किलोचे आकडे असतील तर १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय.

काटा कसा हलतो ते बघण्यासारखं असतं. थंड इंजिनात चांगला, गरम आयडलला खाली, पण रेसबरोबर चढतो: बेअरिंग किंवा पंप झिजलाय, नाहीतर तेल पातळ झालंय. रेस देऊनही उठतच नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल किंवा त्याची स्प्रिंग बसली असेल. आयडलला ठीक, पण रेस वाढवली की पडतो: पंपाला ओढायला तेल मिळत नाही. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे गाडीखाली वाकून बघण्यासारखा. शेतरस्त्यावर दगड लागून चेंबर आत चेपला की तळ जाळीला जवळजवळ चिकटतो आणि तेलाची वाटच बंद होते. आत साचलेला गाळही तेच करतो.

पुष्कळदा सल्ला मिळतो, ‘जाड ऑइल टाका.’ पुस्तकात आपल्या हवामानासाठी २०डब्ल्यू-५० चालत असेल तर जरूर टाका. त्यातला ५० हा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो. पण झिजलेली बेअरिंग त्यानं भरून येत नाही, फक्त दिवा लागायचा लांबतो आणि तेवढ्या काळात क्रँकला चरे पडतात.

जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर लोखंडी भाग झिजतायत. चिकटले नाहीत तर बेअरिंगचा थर सुटत असण्याची शक्यता मोठी. मग चेंबर उतरवावाच लागतो. जाळी धुऊन, पंपाची झीज मोजून, बेअरिंग कॅप खोलून बघा. क्रँकवर नखाला लागणारे चरे असतील तर नुसती नवी बेअरिंग टाकू नका, क्रँक ग्राइंडिंगला पाठवा. पुन्हा जोडताना पंपात आधी तेल भरा, गेज जागेवरच राहू द्या आणि काटा उठेपर्यंत रेस देऊ नका.