टोकन रिंग

टोकन रिंग हे एका इमारतीतील वा परिसरातील संगणक परस्परांना जोडणाऱ्या स्थानिक जाळ्याचे, म्हणजेच लॅनचे, एक जुने तंत्रज्ञान आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ते १९८५ मध्ये बाजारात आणले. आयट्रिपलई या संस्थेचे ८०२.५ हे मानक याच तंत्रज्ञानाचे आहे. १९८० व १९९० च्या दशकांत टोकन रिंग हे इथरनेटचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. संदेशवहनाच्या शिस्तीत सरस असूनही जादा किंमत आणि इथरनेटमध्ये होत गेलेल्या सुधारणा यांमुळे ते मागे पडले.

कार्यपद्धती

टोकन रिंगमध्ये संदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे असे कड्यासारखे फिरतात. कोणी बोलत नसताना या कड्यातून टोकन नावाचा तीन बाइटचा संकेत फिरत असतो. ज्या संगणकाला माहिती पाठवायची असते, त्याला मोकळे टोकन येण्याची वाट पाहावी लागते. टोकन मिळताच तो माहितीची फ्रेम कड्यात सोडतो. ज्याच्यासाठी ती असते तो संगणक तिची प्रत घेतो व तशी खूण करून ती पुढे पाठवतो. फेरी पूर्ण करून फ्रेम परत आली की मूळ संगणक ती काढून टाकतो व नवे टोकन सोडतो.

या पद्धतीत संदेशांची टक्कर होत नाही आणि आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळाने येईल, हे आधी सांगता येते. प्राधान्याच्या आठ पातळ्यांचीही सोय आहे. कड्यातील एक संगणक निरीक्षकाचे काम करतो व टोकन हरवल्यास नवे निर्माण करतो.

याउलट मूळ इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच केबलवर असत. केबल मोकळी दिसताच कोणीही संदेश पाठवू शके. दोघांनी एकदम पाठवल्यास टक्कर होई आणि दोघेही काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करीत. वर्दळ वाढली की वेळेची हमी उरत नसे.

यंत्रसामग्री

प्रत्येक संगणकात टोकन रिंगचे नेटवर्क कार्ड बसवावे लागे. कार्डापासूनची केबल एका मध्यवर्ती जोडपेटीत जाई. त्यामुळे संदेशांचा मार्ग कड्याचा असला, तरी केबलची मांडणी ताऱ्यासारखी दिसे. आयबीएमच्या ८२२८ या पेटीला आठ संगणक जोडता येत. कार्डाकडून येणाऱ्या लहानशा विद्युतदाबाने पेटीतील रिले बदले व संगणक कड्यात सामील होई. संगणक बंद होताच रिले पूर्ववत होऊन कडे अखंड राही.

आरंभीचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट होता. पुढे १६ मेगाबिटची कार्डे आली. एका कड्यातील सर्व कार्डे एकाच वेगाची असणे आवश्यक होते. वेगळ्या वेगावर लावलेले एक कार्डही संपूर्ण कड्याचे काम थांबवू शके.

इथरनेटशी स्पर्धा

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात झाला. डीईसी, इंटेल व झेरॉक्स यांनी १९८० मध्ये त्याचा आराखडा जाहीर केला आणि अनेक कंपन्या त्याची कार्डे बनवू लागल्या. टोकन रिंगचे कार्ड अधिक गुंतागुंतीचे, तर त्याचे उत्पादक कमी होते. शिवाय ओलोफ सोडरब्लूम या स्वीडिश अभियंत्याच्या पेटंटपोटी स्वामित्वशुल्काचा भार होता. त्यामुळे ही कार्डे महागच राहिली.

कागदावर १६ मेगाबिट हा वेग इथरनेटच्या १० मेगाबिटपेक्षा जास्त होता. तथापि १९९० च्या सुमारास इथरनेट पिळाच्या साध्या तारांवर चालू लागले. पाठोपाठ आलेल्या स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र मार्ग मिळाला, टक्करींचा प्रश्न मिटला आणि टोकन रिंगचा मुख्य फायदाच नाहीसा झाला. १९९५ मध्ये इथरनेटचा वेग १०० मेगाबिट झाला. टोकन रिंगचे तेवढ्या वेगाचे मानक येईपर्यंत ग्राहक दुसरीकडे वळले होते.

आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्या संस्थांत टोकन रिंग आणखी काही वर्षे टिकून राहिले. २०१२ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमधूनही त्याचा आधार काढून टाकण्यात आला.